नवजात बाळांवरचं संशोधन: पेडियाट्रिक्समधून जावं की संख्याशास्त्रातून?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ज्या मुलामुलींना नवजात बाळांच्या आरोग्यावर संशोधन करायचं असतं, त्यांना घरचे आणि शिक्षक बहुतेक एकच वाट दाखवतात: नीट द्या, डॉक्टर व्हा, पुढचं पुढे बघू. संख्याशास्त्राचीही एक वाट आहे, पण ती बी.एस्सी.च्या वर्गात बसलेल्यांनाही सहसा कुणी सांगत नाही. दोन्ही वाटा शेवटी एसएनसीयूच्याच, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षाच्याच, दारात येतात. तिथवर लागणारी वर्षं, रोजचं काम आणि अंगावर येणारी जबाबदारी मात्र पुष्कळ वेगळी.

आधी वर्षांचा हिशेब. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं. शासकीय कॉलेज असेल तर एक वर्ष बंधपत्रित सेवा. मग नीट-पीजी ही प्रवेशपरीक्षा आणि एम.डी. पेडियाट्रिक्सची (बालरोगशास्त्राची) तीन वर्षं. फक्त नवजात बाळांमध्येच काम करायचं असेल तर नीट-एसएस (सुपरस्पेशालिटीची प्रवेशपरीक्षा) देऊन डी.एम. निओनेटॉलॉजीची आणखी तीन. एकाही परीक्षेत वर्ष वाया गेलं नाही, तरी बारावीनंतर साडेबारा वर्षं धरा. पीजीनंतरचा बाँड त्यात धरलेला नाही. खानदेशच्या तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे पहिला टप्पा घराजवळ होऊ शकतो. डी.एम.साठी मुंबई-पुण्याकडची तयारी ठेवावी.

संख्याशास्त्रात बी.एस्सी. तीन वर्षं, एम.एस्सी. दोन, आणि नोकरी तिथूनच सुरू होते. पीएच.डी. केली तर चार-पाच वर्षं वाढतात. जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात एम.एस्सी. संख्याशास्त्र आहे. बायोस्टॅटिस्टिक्सची (आरोग्य-संशोधनासाठीच्या संख्याशास्त्राची) वेगळी पदवी हवी असेल तर मुंबईत देवनारची आयआयपीएस ही लोकसंख्या-अभ्यासाची संस्था आणि वेल्लोरचं सीएमसी हे वैद्यकीय महाविद्यालय ही नावं आधी बघावीत. फरक समजून घ्या: साध्या एम.एस्सी.त गणिती पाया पक्का होतो, पण प्रोटोकॉल (अभ्यासाचा आराखडा) लिहिणं, रँडमायझेशनची (कोणता रुग्ण कुठल्या गटात हे चिठ्ठीसारखं ठरवण्याची) यादी बनवणं, अर्धवट भरलेल्या केसपेपरमधून डेटा काढणं हे सहसा शिकवलं जात नाही. ते स्वतः शिकावं लागतं. आर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यापासून सुरुवात करावी. औषध कंपन्यांकडे जायचं असेल तर सॅस हे सॉफ्टवेअर लागतं.

आता काम. एम.डी.चा रेसिडेंट (शिकता शिकता वॉर्डात काम करणारा डॉक्टर) राऊंड, सलाईन, फोटोथेरपी (काविळीसाठी प्रकाशाचा उपचार), नातेवाइकांशी बोलणं आणि नाइट ड्यूटी यांतून उरलेल्या वेळात थिसिस करतो. प्रश्न त्याच्या हातात आपसूक येतात. एप्रिल-मे महिन्यांत ताप आलेलं, वजन घटलेलं, दूध कमी पडून सोडियम वाढलेलं बाळ जळगावच्या उन्हाळ्यात दिसतं. तोरणमाळच्या थंडीत काखेतलं तापमान ३६.५ अंशांखाली गेलेलं बाळ येतं. संख्याशास्त्रज्ञाला हे दिसत नाही. त्याला दिसतो रकाना.

पण तो रकाना वाचता येणं हे मोठं काम आहे. लेबर रूमच्या रजिस्टरमध्ये जन्मवजनं वरपासून खालपर्यंत वाचून बघा. २५००, २०००, १८०० असे गोल आकडे जागोजागी. २४६० किंवा २५३० क्वचितच. काटा दहा ग्रॅमचा फरक दाखवत असला तरी घाईत गोल आकडा लिहिला जातो. कमी वजनाचं बाळ म्हणजे २५०० ग्रॅमपेक्षा कमी. बरोबर २५०० लिहिलेलं बाळ कमी वजनाच्या यादीतून गळतं. हिस्टोग्राम (कुठलं वजन किती वेळा आलं याचा स्तंभालेख) काढला की २५०० वर सुळका उभा राहतो, तो संख्याशास्त्रज्ञ पकडतो. तो का आला, काटा शून्यावर आणला नव्हता, बाळ कपड्यासकट ठेवलं, की शिफ्ट बदलताना अंदाजाने लिहिलं, हे वॉर्डातल्या सिस्टर आणि डॉक्टरच सांगू शकतात.

वयाचंही तसंच. जन्माचा दिवस शून्य धरतात. ० ते ६ दिवसांतला मृत्यू लवकरचा, ७ ते २७ मधला उशिराचा. फॉर्म भरणाऱ्याने जन्मदिवसाला पहिला दिवस धरलं की सहाव्या दिवशी दगावलेलं बाळ भलत्याच खान्यात जातं. गर्भाचे आठवडे तर त्याहून अवघड. शेवटची पाळी ‘आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास’ एवढंच आईला आठवत असेल, तर दोन आठवडे इकडेतिकडे सहज होतात आणि बाळ कमी दिवसांचं की पूर्ण दिवसांचं हेच बदलतं. पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी नसेल तर नंतर कुठलंही मॉडेल ही उणीव भरून काढत नाही.

खानदेशात सगळ्यांत जास्त अभ्यास बुडतात ते पाठपुराव्यात. पहिलं बाळंतपण माहेरी. शिरपूरची सून चोपड्याला जाते, सव्वा महिन्यानंतर परत येते, आणि केसपेपरवर मोबाइल नंबर नवऱ्याचा असतो. २८ व्या दिवसाची भेट नेमकी मधल्या काळात येते. नंदुरबारच्या अक्राणी-अक्कलकुवा तालुक्यांतली कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत गेलेली असतात. जी बाळं हरवतात ती सापडलेल्या बाळांसारखी असतील असं धरता येत नाही. त्यांना नुसतं गाळलं तर मृत्यूचं प्रमाण खोटं कमी दिसू शकतं. म्हणून फॉर्मवर सासर आणि माहेर दोन्ही पत्ते, दोन नंबर, दोन्ही गावच्या आशाताईंची नावं पहिल्याच दिवशी घ्यावी लागतात. ही सूचना डेटा गोळा होण्याआधी देणारा संख्याशास्त्रज्ञ खरा उपयोगाचा. नंतर बोलावला तर त्याच्या हाती एवढंच उरतं: हरवलेली सगळी दगावली असं धरून एकदा, सगळी जगली असं धरून एकदा हिशेब करायचा आणि दोन्ही उत्तरं लिहायची.

सॅम्पल साइजवर, म्हणजे अभ्यासात किती बाळं घ्यायची यावर, तर डॉक्टर आणि संख्याशास्त्रज्ञ यांची नेहमी जुंपते. मृत्यूचं प्रमाण २० वरून १५ टक्क्यांवर आलं हे दाखवायचं असेल, तर पाच टक्के सिग्निफिकन्स (नसलेला फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) आणि ऐंशी टक्के पॉवरला (खरा फरक पकडण्याची शक्यता) प्रत्येक गटात सुमारे ९०० बाळं लागतात. थिसिसच्या मुदतीत एका युनिटला ती मिळत नाहीत, म्हणून ‘साठ-साठ घेऊ’ असं ठरतं आणि निष्कर्ष निघत नाही. एकेका बाळाऐवजी अख्खी आरोग्य उपकेंद्रं दोन गटांत वाटली तर आकडा आणखी फुगतो: एका उपकेंद्रात ५१ बाळं आणि आंतरसंबंध (एकाच उपकेंद्रातली बाळं एकमेकांसारखी असण्याचं माप) फक्त ०.०२ असला तरी संख्या दुप्पट. जुळी बाळं असतील तर त्यांना दोन सुटी बाळं मानता येत नाही, हेही वेळेवर सांगावं लागतं.

जबाबदारीचा फरक दोन चाचण्यांतून नीट कळतो. जन्मतः गुदमरलेल्या बाळांना थंड ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत रूढ आहे. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर तो तपासला; २०२१ मध्ये निकाल आला तेव्हा थंड केलेल्या गटात ४२ टक्के बाळं दगावली होती, नेहमीच्या काळजीच्या गटात ३१ टक्के. तिकडचा उपचार इकडच्या बाळांना तसाच लागू पडेल का, ही शंका घेणं नवजाततज्ज्ञाचं काम. दुसरी चाचणी जन्मल्याबरोबर कांगारू मदर केअर (बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवणं) देण्याची, पाच देशांत, ३२११ बाळांची, हीही २०२१ चीच. २८ दिवसांतले मृत्यू १५.७ वरून १२.० टक्क्यांवर आले आणि देखरेख समितीने चाचणी मुदतीआधी थांबवायला लावली. कुठल्या आकड्यावर थांबायचं ही रेषा आधीच आखून ठेवणं आणि ती पाळणं संख्याशास्त्रज्ञाच्या शिरावर. मधेच डोकावून, मनासारखं दिसलं म्हणून थांबवलं तर निकाल फुगलेला निघतो.

नोकरीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. पेडियाट्रिशियनला खानदेशात काम कधी कमी पडत नाही, आणि हीच संशोधनाची अडचण होते: स्वतःचं एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) सुरू झालं की संशोधनाला दिवस उरत नाही. संशोधन टिकवायचं तर वैद्यकीय महाविद्यालयातली शिक्षकाची नोकरी बरी. संख्याशास्त्रज्ञाला पैसे पुण्या-बंगळुरूच्या औषध आणि क्लिनिकल रिसर्च कंपन्यांत चांगले मिळतात, पण तिथे बाळांचे विषय क्वचितच येतात. वैद्यकीय महाविद्यालयात कम्युनिटी मेडिसिन विभागात स्टॅटिस्टिशियनचं पद असतं; प्रकल्पांतल्या जागा कंत्राटी, प्रकल्प संपला की संपल्या. घरात एकच कमावता असेल तर हे आधी तोलून बघा.

दोन्हींचा मेळ घालणारी वाटही आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी एम.डी.नंतर पब्लिक हेल्थची पदवी घेतली, आणि गडचिरोलीतलं घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचं त्यांचं काम १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं. आज आशाताई बाळाच्या घरी ज्या भेटी देतात, त्यामागे ते काम आहे. एमबीबीएसच्या मुलांना आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, म्हणजे छोट्या संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळू शकते. आवड खरी आहे का हे तिथे कळतं.

आमचं मत: ज्याला आजारी बाळाला हात लावल्याशिवाय चैन पडणार नाही, त्याने साडेबारा वर्षं द्यावीत, कारण ती ओढ नसेल तर नाइट ड्यूट्या झेपत नाहीत. ज्याचं गणित पक्कं आहे आणि केवळ ‘संशोधन करायचंय’ म्हणून नीटचा तिसरा प्रयत्न चालू आहे, त्याने संख्याशास्त्राकडे वळावं. आपल्याकडे वॉर्डात जाऊन रजिस्टर उघडणारा बायोस्टॅटिस्टिशियन दुर्मीळ आहे. मात्र आठवड्यातला एक दिवस एसएनसीयूत राऊंडच्या वेळी उभं राहायची तयारी हवी. नुसती एक्सेल फाइल ईमेलवर मागवणाऱ्याचं विश्लेषण कितीही नेटकं असलं तरी २५०० चा सुळका त्याच्या हातून सुटतो.

ज्यांची अकरावी अजून व्हायची आहे त्यांनी गणित सोडू नये. नीटच्या क्लासच्या सल्ल्याने फक्त जीवशास्त्राचा गट घेतला तर संख्याशास्त्राचं दार बहुतेक कॉलेजांत तिथेच बंद होतं. दोन वर्षं अभ्यास जड जाईल, तरी भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राबरोबर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावं, आणि दोन्ही विषयांची प्रात्यक्षिकं जिथे खरोखर होतात असंच ज्युनिअर कॉलेज निवडावं.