चैत्रापासूनचं वाचन: काय टिकलं, काय विरलं

पुस्तक संपल्या संपल्या मत द्यायचं नाही, काही महिने जाऊ द्यायचे, असं मी चैत्रात ठरवलं. शिवाय एकाच प्रकारची दोन पुस्तकं लागोपाठ घ्यायची नाहीत. आता दिवाळी उलटल्यावर बघते, तर कथानकं बरीचशी पुसट झालीयत. लेखकाने स्वतःच्या डोळ्यांनी टिपलेलं मात्र लख्ख आठवतंय.

सगळ्यात वर गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली दक्षिणा मिळवायला उत्तरेत जातो आणि थेट बंडात सापडतो. झाशी पडली तेव्हा तो शहरातच होता. सोन्यानाण्यानंतर भांडी, कपडे, धान्यसुद्धा कसं लुटलं गेलं, ते वाचताना पोटात गोळा येतो. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्याला राणी दिसते. धुळीने माखलेली, तहानलेली. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात, ती नको म्हणते. स्वतःच मडक्याने पाणी शेंदते आणि ओंजळीने पिते. राणीचे पुतळे, पोवाडे, मालिका सगळं पाहून झालंय. पण ती दमलेली बाई मला याच पानावर भेटली. हा भाग मी आईला मोठ्याने वाचून दाखवला, तर तिने पुन्हा वाचायला लावला.

दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ (१९५६) सलग वाचून संपवू नका. त्या त्या महिन्याचं प्रकरण त्या महिन्यातच वाचा. चैत्राचं वाचलं आणि बसस्टॉपवरच्या पिंपळाकडे रोज लक्ष जायला लागलं: आधी तांबूस, उजेड आरपार जाईल अशी पालवी, मग पोपटी, मग बघता बघता गर्द हिरवी. आषाढ-श्रावणातही हाच नाद लागला. वर्ष पुरं व्हायचंय, म्हणून पुस्तक अजून उशाशीच आहे.

जयंत नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’ या विज्ञानकथासंग्रहातल्या कल्पना डोक्यात घोळत राहतात, माणसं फारशी राहत नाहीत. तरी घरात शाळकरी मूल असेल तर जरूर आणा.

विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ (१९३९) लहानसं, पण झेपायला जड. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू. त्यांतल्याच हेर्टावर मराठी नायक चक्रधरचं प्रेम जडतं. मुंबई येते, चक्रधर उतरतो, हेर्टाला उतरता येत नाही. त्यानंतर काही दिवस मी दुसरं काहीच हातात घेतलं नाही.

गोडसे भटजी घ्यायचं असेल तर आवृत्ती बघून घ्या. १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी ते छापलं तेव्हा मजकुरात बरेच फेरफार केले होते. द. वा. पोतदारांनी १९६६ साली मूळ हस्तलिखितावरून संहिता प्रसिद्ध केली. तिच्यावर आधारलेली प्रत मिळाली तर तीच घ्या. भाषा सुरुवातीला अडखळवते, पण एकदा कानाला सवय झाली की भटजी समोर बसून सांगतायत असं वाटतं.