रावपुऱ्यातील जुना वाडा: दुरुस्ती, निम्मे नवे बांधकाम की विक्री?

वडोदऱ्यात रावपुरा, दांडिया बाजार, वाडी, बाबाजीपुरा या भागांत अजूनही अशी मराठी घरे आहेत, ज्यांचे सागवानी खांब गायकवाडी अमलात उभे राहिले आणि ज्यांच्या प्रॉपर्टी कार्डावर आज सहा, आठ, क्वचित बारा वारसांची नावे आहेत. या घरांत दिवाळीला सगळे जमले की एकच विषय निघतो. वाडा दुरुस्त करून राहायचे, दर्शनी भाग तेवढा ठेवून मागे आरसीसीचे मजले चढवायचे, की विकून टाकून गोत्रीकडे फ्लॅट घ्यायचे? हा आढावा त्या कुटुंबांसाठी आहे. माझे मत आधीच सांगतो. ज्या वाड्याचा लाकडी सांगाडा शाबूत आहे, तो चुन्यात दुरुस्त करून वापरात ठेवणे हीच वाट बहुतेकांच्या हिताची आहे. मात्र वाडा कशासाठी वापरायचा हे ठरल्याशिवाय गवंड्याला बोलावू नये.

सर्वांत आधी जवळच्या संरक्षित स्मारकापासूनचे अंतर मोजावे, कारण काही घरांचा निर्णय त्यावरच होऊन जातो. विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर हे १८४९ ते १८५४ या काळात बडोदे संस्थानचे दिवाण होते, आणि त्यांचा भित्तिचित्रांनी भरलेला वाडा आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशा संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून चोहो बाजूंना १०० मीटरपर्यंतचा भाग प्रतिबंधित आणि त्यापुढचा २०० मीटरपर्यंतचा भाग नियंत्रित मानला जातो. प्रतिबंधित भागात नवे बांधकाम करता येत नाही. १६ जून १९९२ पूर्वीपासून उभ्या असलेल्या घराची दुरुस्ती मात्र सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी घेऊन करता येते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की तांबेकर वाड्यापासून १०० मीटरच्या आत असलेले जुने घर एकदा पाडले, तर त्या जागी दुसरे उभारण्याचा मार्ग बंद होतो. नियंत्रित भागात पुनर्बांधणीचा विचार करता येतो, पण तिलाही परवानगी लागतेच. ‘पाडून दोन वर्षांत इमारत उभी करून देतो’ असे सांगणाऱ्या माणसाशी बोलणी करण्यापूर्वी ही मोजणी हाती असलेली बरी.

अंतराचा प्रश्न नसेल, तर पुढचा विचार वापराचा. या बाबतीत आपल्याच शहरातल्या सार्वजनिक वास्तू पुष्कळ शिकवतात. १९०६ साली बांधलेल्या खंडेराव मार्केटमध्ये महानगरपालिकेचे कार्यालय आहे आणि बाहेर फुलांचा, भाजीचा बाजार भरतो. तेथे रोज माणसांचा राबता असल्यामुळे गळकी पन्हाळ किंवा मोडलेले तावदान कोणाच्या तरी डोळ्यांवर येतेच. सयाजीराव महाराजांनी १९१० साली सुरू केलेले मध्यवर्ती ग्रंथालय काचेच्या फरशीच्या मजल्यांसह आजही ग्रंथालयच आहे, आणि त्या काचेवरून वाचकांसाठी पुस्तके काढायला माणसे चालतात. याउलट १८९६ चे न्यायमंदिर घ्या. २०१८ साली न्यायालये नव्या संकुलात गेली आणि शंभरहून अधिक वर्षे वकील-पक्षकारांनी गजबजलेल्या त्या दालनांपुढे नव्या उपयोगाचा प्रश्न उभा राहिला. नजरबाग राजवाडा तर आज उभाच नाही. तांबेकर वाड्यातील चित्रे कायद्याच्या संरक्षणामुळे राहिली, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. पण तिथे चूल पेटत नाही, आणि सरकारी संरक्षण प्रत्येक वाड्याला मिळणारही नाही. आपल्या घरांना वाचवील तो तिथला रोजचा केर काढणारा हातच.

म्हणून पहिली वाट, म्हणजे दुरुस्ती करून राहणे, ही ज्या घरात निदान एक कुटुंब खरोखर राहणार आहे त्यांच्यासाठी आहे. येथे खरी निवड चुना आणि सिमेंट यांत करावी लागते, आणि बहुतेक घरांचे नुकसान याच ठिकाणी झालेले आहे. आमच्या घराचेही झाले. १९९० च्या दशकात माजघराच्या भिंतीचा जुना गिलावा फुगला म्हणून वडिलांनी तो खरवडून सिमेंटचा करून घेतला. दोन पावसाळे भिंत कोरडी ठणठणीत दिसली. तिसऱ्या वर्षी पूर्वी गुडघ्यापर्यंत असणारी ओल छातीपर्यंत चढली, गिलाव्याच्या कडेने पांढरा खार फुटला, आणि आणखी काही वर्षांनी वरच्या माडीचा कडीपाट एका कोपऱ्यात दबला. सुताराने भिंतीत रुतलेले तुळईचे टोक उघडे केले. स्क्रूड्रायव्हर त्यात मुठीपर्यंत गेला आणि बाहेर काढला तेव्हा त्याला ओल्या चहाच्या चोथ्यासारखा काळा भुगा चिकटला होता. त्याच तुळईचा भिंतीबाहेरचा भाग मात्र इतका टणक होता, की पटाशीची धार वळली.

यामागचे कारण साधे आहे. जुन्या भिंतींच्या पायात ओल थोपवणारा थर नसतो, त्यामुळे जमिनीतले पाणी विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढत राहते. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्यामुळे ते पाणी वाटेतच हवेत उडून जाते. सिमेंटचा घट्ट थर ती वाट बंद करतो. पाणी मग आणखी वर सरकते आणि जिथे लाकडाचे टोक भिंतीत शिरलेले असते तिथे जाऊन मुरते. शिवाय सिमेंट हे जुन्या भाजणीच्या मऊ विटेपेक्षा कडक असते. भिंत उन्हापावसात किंचित हलते तेव्हा ताण विटेवर येतो, आणि सिमेंट सुटताना विटेचा पापुद्रा घेऊनच सुटते. विश्वामित्रीच्या काठी वसलेल्या, २०१९ आणि २०२४ असे दोन मोठे पूर पाहिलेल्या या शहरात तर पाणी भिंतीत शिरणार हे गृहीत धरूनच गिलावा निवडला पाहिजे. शिरलेले पाणी बाहेर पडू देणारा गिलावा हवा.

चुन्याची अडचण वेळेची आणि हाताची आहे. कळीचा चुना पाण्यात विरवून काही आठवडे तसाच मुरू द्यावा लागतो, त्यात वाळू आणि विटांची भुकटी म्हणजे सुरखी मिसळावी लागते, आणि काही कारागीर त्यात गुळाचे, मेथीचे किंवा बेलफळाचे पाणीही घालतात. लावल्यानंतर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो, म्हणून पातळ थर देत, प्रत्येक थर ओला ठेवत थांबावे लागते. सिमेंटचे काम आठवड्यांत आटोपते, चुन्याला महिने लागतात. सिमेंटचा गवंडी नाक्यावर मिळतो, चुन्याचा शोधावा लागतो आणि त्याची मजुरी जास्त असते. हे सगळे खरे असले, तरी चुन्याच्या बाजूने हिशेब सुटतो, कारण सिमेंटच्या स्वस्ताईत कुजलेल्या तुळया बदलण्याचा खर्च धरलेला नसतो. गवंडी ठरवताना त्याच्याकडून घरातल्याच एखाद्या ओल्या भिंतीवर दोन फूट लांबी-रुंदीचा नमुना करून घ्यावा आणि एक पावसाळा थांबून पाहावे. ‘लवकर घट्ट व्हावे म्हणून चुन्यात थोडे सिमेंट टाकू’ असे जो म्हणेल, त्याला नम्रपणे निरोप द्यावा. नवे न्हाणीघर आणि संडास यांना मात्र आधुनिक बांधकाम चालते, फक्त ते जुन्या भिंतीला न टेकवता स्वतःच्या पायावर स्वतंत्र उभे करावे.

लाकूड म्हटले की घरातली तरुण मंडळी भूकंपाची भीती पुढे करतात. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादमध्ये कोसळल्या त्या अनेक बहुमजली आरसीसी इमारती होत्या, आणि तिथल्या जुन्या पोळांमधली, म्हणजे दाट वस्तीच्या गल्ल्यांमधली, भिंतीत लाकडी पट्ट्या घातलेली घरे मोठ्या प्रमाणात तगली, ही नोंद अभ्यासकांनी केलेली आहे. लाकडाचे खरे वैरी तीन: ओल, वाळवी आणि जुनी वायरिंग. वायरिंग पूर्ण बदलून ती पाइपातून घेणे आणि घरात जादा भार पडताच वीज तोडणारे एमसीबी बसवणे हा खर्च गिलाव्याच्याही आधी करावा. लाकडी माड्यांचे आगीत काय होते हे इंदूरच्या राजवाड्याने दाखवले आहे: १९८४ च्या आगीत मागचा भाग गेला, आणि तो पुन्हा उभा राहायला २००७ साल उजाडले. होळकर घराण्याला जे दोन दशकांनी साधले, ते तुमच्या-आमच्या घराला साधेल असे नाही.

दुसरी वाट म्हणजे समोरचा कोरीव सज्जा, दिंडी दरवाजा आणि ओटा ठेवून मागे आरसीसी उभारणे. ही वाट दिसायला समंजस वाटते, पण मी ती फक्त एकाच परिस्थितीत सुचवीन: मागचा सोपा किंवा चौकापलीकडचा भाग आधीच पडलेला असेल तेव्हा. एरवी धडधाकट चौक पाडून तिथे स्लॅब टाकला, की घराचा वारा आणि उजेड जातो, कारण वाड्याच्या सगळ्या खोल्या त्या चौकाच्या जोरावर श्वास घेत असतात. शिवाय जुनी विटेची भिंत आणि नवा काँक्रीटचा सांगाडा वेगवेगळ्या गतीने खचतात, त्यांच्या सांध्यात दरवर्षी तडा जातो आणि दरवर्षी पाणी तिथूनच शिरते. हे करायचेच झाले, तर दोन्ही बांधकामांत मोकळी फट ठेवून वर पत्र्याचे झाकण देणारा अभियंता हवा. नुसता ठेकेदार पुरेसा नाही.

दुरुस्तीचा खर्च झेपत नसेल, तर वाड्याचा काही भाग कमावता करणे ही पहिल्याच वाटेची फांदी आहे, आणि माझ्या मते ती सर्वांत कमी विचारात घेतली जाते. ओटीवर शिवणकामाचे किंवा पुस्तकांचे दुकान, माडीवर गायनाचा वर्ग, चौकात शनिवार-रविवारची खाणावळ, असे वापर वाड्याच्या अंगाला सहज बसतात. गुजरात सरकारने २०२० ते २०२५ या काळासाठी जाहीर केलेल्या वारसा पर्यटन धोरणात १९५० पूर्वीच्या ऐतिहासिक वास्तूंमध्ये हॉटेल, संग्रहालय, उपाहारगृह वगैरे सुरू करणाऱ्यांना साहाय्याची तरतूद होती; सध्या कोणत्या सवलती चालू आहेत हे पर्यटन खात्याकडून लेखी विचारून घ्यावे आणि सवलत हाती येण्याआधी तिच्या भरवशावर कर्ज काढू नये. पूर्ण वाड्याचे हॉटेल करण्याच्या मी विरुद्ध आहे. त्यासाठी प्रत्येक खोलीला न्हाणीघर लागते, म्हणजे लाकडी माडीवर पाणी आले, आणि मग वर सांगितलेल्या तुळईची गत ठरलेलीच.

विक्रीबद्दल थोडक्यात. वारस परदेशी स्थायिक झाले आहेत, कोणी राहणार नाही आणि खर्चाला कोणी हात लावणार नाही, अशा घरात वाडा रिकामा ठेवून सडवण्यापेक्षा तो वापरणाऱ्याच्या हाती देणे अधिक प्रामाणिक आहे. मात्र सिटी सर्व्हेतल्या सर्व नावांच्या सह्या, जुन्या भाडेकरूंचा हक्क, आणि शहराच्या ज्या भागांत अशांत धारा (मालमत्तेच्या हस्तांतरणावर बंधन घालणारा गुजरातचा कायदा) लागू आहे तिथे विक्रीपूर्वी कलेक्टरची परवानगी, या तीन गोष्टींना लागणारा वेळ धरला तर विक्री ही झटपट सुटका राहत नाही. गिऱ्हाईक निवडता येत असेल, तर भाव थोडा कमी देणारा पण वाडा राखून तिथे शाळा, कचेरी किंवा कारखाना चालवू पाहणारा माणूस निवडावा. पाडकामात निघालेले खांब आणि सज्ज्याला आधार देणारे कोरीव हस्त जुन्या लाकडाच्या बाजारात वेगळे विकले जातात, हेही भाव ठरवताना लक्षात असू द्यावे.

निर्णय अजून होत नसेल, तर भिंतीत शिरलेले प्रत्येक तुळईचे टोक या उन्हाळ्यात उघडे करून टोचून पाहावे आणि कागदावर माडीचा नकाशा काढून चांगल्या-वाईट टोकांवर खुणा कराव्यात. निम्म्याहून अधिक टोके टणक निघाली तर दुरुस्तीच करावी. त्या पावसाळ्याआधी फक्त कौले आणि पन्हाळी नीट करून घ्याव्यात आणि चुन्याचे काम दसऱ्यानंतर काढावे. आमच्या माजघरात अकरा टोकांपैकी तीन गेली होती. सुताराने कुजका भाग कापून त्या जागी जुन्या सागाचा तुकडा खाच पाडून सांधला, भिंतीत टोकाभोवती बोटभर हवेची फट ठेवली आणि गवंड्याने सिमेंट काढून पुन्हा चुना लावला. वरच्या माडीवर आता संध्याकाळी तबल्याचा वर्ग भरतो, आणि त्या भाड्यातून दरवर्षी कौले फेरली जातात.