तेरा वर्षांच्या गाडीला नवे शॉकअप: नऊ महिन्यांचा अनुभव

आमची पेट्रोल हॅचबॅक २०११ सालची आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये, १,०४,००० किलोमीटर झाल्यावर, मी तिचे चारही शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) बदलून घेतले. त्यानंतर नऊ महिन्यांत गाडी सुमारे ११,००० किलोमीटर चालली असून, त्यात पुण्याहून कुंभार्ली घाटमार्गे चिपळूणच्या पाच फेऱ्या झाल्या.

हा निर्णय मी निदान दोन वर्षे उशिरा घेतला, कारण मी आवाजाची वाट पाहत राहिलो. मध्यंतरी पुढून येणारी खडखड स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडीचा कल रोखणाऱ्या दांड्याच्या) लिंक रॉडची निघाली. ते बदलताच गाडी शांत झाली आणि शॉकअप ठीक आहेत असे मी गृहीत धरले. प्रत्यक्षात झिजलेला शॉकअप बहुतेकदा गप्पच असतो. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते आणि तिची उसळी शॉकअप शमवतो. त्याच्या आतल्या पिस्टनला तेल बारीक छिद्रांतून ढकलावे लागते. झडपा आणि सील झिजत जातात तशी ही पकड इतकी सावकाश सुटते की रोज चालवणाऱ्याला फरक जाणवत नाही. घाटात मागे बसलेल्या आईला मळमळू लागले, तेव्हा मी ते तिच्या वयावर ढकलले, याचे मला आजही वाईट वाटते.

खरी खूण टायरने दिली. बॅलन्सिंग (चाकाच्या वजनाचा समतोल) आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन) नीट असूनही मागच्या टायरवर हात फिरवला की ठरावीक अंतराने उंचसखल चट्टे लागत होते. खाली वाकून पाहिले, तर डाव्या शॉकअपवर तेलाचा ओघळ होता. नुसता किंचित ओलावा चालतो, ओघळ मात्र चालत नाही. बोनेट दाबून उसळी मोजण्याची चाचणी आमच्या गाडीने व्यवस्थित पार केली होती, म्हणून तिच्यावर विसंबू नये. हाताने दाबल्यावर होणारी हालचाल खड्ड्यातल्या झटक्यापेक्षा फारच संथ असते.

शॉकअप एका ॲक्सलवर जोडीनेच बदलावेत. पुढे स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र जोडलेली रचना, असल्याने मी माउंट (वरचा आधार), बेअरिंग, बंप स्टॉप (शॉकअप तळाला आपटू न देणारा रबर) आणि धूळरोधक रबरही त्याच वेळी नवे घातले. पुन्हा स्प्रिंग उतरवण्याची मजुरी वाचली. दाबलेली स्प्रिंग सुटल्यास गंभीर इजा होऊ शकते, त्यामुळे हे काम घरी करू नये. मागच्या शॉकअपच्या रबरी बुशाचा (सांध्यात बसवलेल्या रबराचा) बोल्ट शेवटचा आवळताना गाडी जॅकवर न ठेवता चाकांवर उभी असावी, नाहीतर बुश कायमचा पिळलेला राहून लवकर फाटतो. हे मी मेकॅनिकला मुद्दाम सांगितले. नंतर व्हील अलाइनमेंट करून घेतली.

पहिल्या आठवड्यात गाडी थोडी कडक वाटली. पुणे–सातारा रस्त्यावर पुलांच्या सांध्यांवरून जाताना पूर्वी ती दोन-तीनदा डोलायची, आता एका झटक्यात स्थिरावते. ब्रेक लावल्यावर नाकही पूर्वीइतके खाली जात नाही. घाटातल्या वळणावर खड्डा लागला तरी मागचे चाक बाहेर सरकत नाही. त्याच वेळी घातलेले मागचे दोन्ही टायर अजून एकसारखे झिजत आहेत. आईने जूनमधला प्रवास गोळी न घेता केला. मायलेजमध्ये फरक नाही आणि खोल खड्ड्याचा दणका अजूनही बसतो.

शॉकअप बनवणाऱ्या कंपन्या साधारण ८०,००० किलोमीटरला ते बदलण्याचा विचार करा असे सांगतात. आपल्या रस्त्यांवर मी ५०,००० नंतर दर सर्व्हिसिंगला ओघळ आणि टायर तपासून घेईन. पुढच्या चाकांना सांगाड्याशी जोडणाऱ्या लोअर आर्मचे बुश अजून जुनेच आहेत. स्टिअरिंगमधली थोडी ढिलाई त्यांचीच आहे आणि ते काम दिवाळीआधी करायचे आहे.