स्प्रिंगवाली एअर रायफल: सात-आठ महिने वापरल्यावर, ग्रुप (कागदावरचा छऱ्यांचा पुंजका) कशानं सुधारला ते

दिवाळीत घेतली, आता पावसाळा लागलाय, म्हणजे लिहायला हरकत नाही. देशी कंपनीची ब्रेक बॅरल, म्हणजे बॅरल मोडून भरायची आहे, 4.5 मिमी, 20 ज्यूलच्या आतली, त्यामुळे लायसन्सचं झंझट नाही, दुकानदार ओळखपत्राची कॉपी घेतो तेवढंच. यूट्यूबवर ते अमेरिकावाले घरी पार्ट जोडून खरी सेमी-ऑटो बंदूक बनवतात आणि मग तिचा ग्रुप कसा आवळायचा ते दाखवत बसतात, आपल्याकडे तो उद्योग म्हणजे 1959 चा आर्म्स अॅक्ट आणि थेट पोलीस, तेव्हा ते सोडा. पण एक रोग दोन्हीकडे सारखाच, लोक पहिला पैसा स्कोपवर घालतात आणि छर्रे घेताना काटकसर करतात.

इंदूरला आमच्या रामबागेतल्या गच्चीवर 10 मीटर कसेबसे बसतात, मागे भिंत, तिच्यापुढे जाड फळी आणि जुन्या सतरंज्या ठासून भरलेलं खोकं, गच्चीचं दार आतून बंद. सुरुवातीला पाच छर्रे अडीच-तीन सेंटीमीटरमध्ये पसरायचे आणि मधूनच एखादा भलतीकडे.

सगळ्यात जास्त फरक पकडीनं पडला. स्प्रिंगवालीत घोडा सुटला की आतला पिस्टन पुढे धावतो, रायफल मागे येते, आणि पिस्टन टोकाला दाबलेल्या हवेवर आदळला की रायफल पुढे झटका खाते, आणि हे सगळं होतं तेव्हा छर्रा अजून बॅरलमध्येच असतो! म्हणजे तुम्ही आवळून धरली आणि दर वेळी वेगळी आवळली तर छर्रा दर वेळी वेगळीकडे जाणार. पुढचा हात नुसता उघड्या तळव्यासारखा खाली ठेवायचा, ट्रिगर गार्डच्या जरा पुढे, बोटं वळवायची नाहीत, दस्ता खांद्याला जेमतेम टेकवायचा आणि तिला हवं तसं उसळू द्यायचं. वाळूच्या पिशवीवर थेट ठेवाल तर वरच उडते, पिशवी आणि रायफलच्या मधे हात हवाच. माझ्या धाकट्या भावाला हे दोन दिवसांत जमलं, त्याला आधीची सवय नव्हती ना, म्हणून.

मग छर्रे. टोकदारवाले दिसायला भारी असतात, पण 10 मीटरला चपट्या तोंडाचे बरे, कागदाला गोल स्वच्छ भोक पडतं आणि मोजायला सोपं. एकाच वजनाचे पण डोक्याचा व्यास 4.49, 4.50, 4.51 असे वेगवेगळे येतात, कुठला तुमच्या बॅरलला मानवतो ते मारून बघितल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. स्वस्त डब्यात मागची कड चेपलेले बरेच निघतात, ते बाजूला काढून टाकायचे, वेळ जातो पण भलतीकडे जाणारे जवळजवळ बंद होतात.

तिसरं म्हणजे स्क्रू. स्प्रिंगच्या हादऱ्यांनी दस्त्याचे स्क्रू ढिले होतातच, डबाभर छर्रे मारले की हात लावून बघा. सियागंजातून निळं लॉकटाइट, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद आणला, एकेक थेंब, काम झालं. बिजागरीचा बोल्टही बघा: रायफल कॉक करा, म्हणजे बॅरल मोडून स्प्रिंग दाबा, सेफ्टी लावा, छर्रा न घालता बॅरल अर्ध्यावर सोडा, हात मात्र त्यावर तयार ठेवा, आपोआप खाली पडली तर बोल्ट ढिला आहे.

स्कोपचं थोडक्यात सांगतो. साधा रायफलचा स्कोप घेऊ नका, हा दोन्हीकडचा झटका त्याला सोसत नाही, आणि बहुतेकांचा पॅरॅलॅक्स (डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसतो तो दोष) 100 यार्डांवर बसवलेला असतो, 10 मीटरला चित्र धुरकट आणि डोकं जरा हललं की नेम सरकतो. पुढच्या भिंगावर फिरवायची रिंग असलेलाच, एअर रायफलसाठी म्हणून विकला जाणारा घ्या. मी तर आता उघड्या साइटवरच जास्त मारतो.

तेलाचं मात्र ऐका, कॉम्प्रेशन चेंबरमध्ये शिलाई मशीनचं तेल सोडू नका, दाबानं पेटतं, धूर आणि मोठा आवाज येतो, सीलही जातं. बाहेरून पुसा, पावसाळ्यात तर रोज, गंज लगेच धरतो.

आता चांगल्या दिवशी पाच छर्रे 12-13 मिमीत बसतात. 10 मीटरच्या कागदावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तेव्हा स्पर्धेची स्वप्नं बघायची तर क्लबात जाऊन मॅच रायफल धरा. महूला आर्मीचं मार्क्समनशिप युनिट आहे, 2012 च्या लंडन ऑलिंपिकचे रौप्यपदकवाले नेमबाज विजय कुमार त्याच युनिटचे, त्यामुळे आपल्या भागात बंदुकीतलं कळणारी माणसं भेटतात. एकानं ट्रिगर हलका करून देतो म्हटलं, मी नाही दिला. सिअर, म्हणजे पिस्टन अडवून धरणारा खटका, घासून हलका केलेला घोडा बॅरल बंद करतानाच सुटू शकतो आणि तेव्हा बोटं मधे असतात.