मुलाखतीचे कपडे अंगावर की बॅगेत?

प्राध्यापकपदाच्या मुलाखतीला परगावी जायचं, तर सूट घालूनच निघावं की साध्या कपड्यांत प्रवास करून तिथे बदलावं?

घालून निघालं की सामान हरवलं तरी मुलाखत अडत नाही. शिवाय स्टेशनवर किंवा विमानतळावर घ्यायला कधीकधी निवड समितीतलंच कुणीतरी येतं. गाडीतल्या गप्पा वरवर हवापाण्याच्या असल्या, तरी तुम्हाला जोखणं सुरू झालेलं असतं. पण तासन्‌तास बसून इस्त्री मोडते. गुडघ्यामागच्या चुण्या लगेच दिसतात. लिननचं तर विचारूच नका. लोकरीचं कापड रात्रभर टांगलं की बरंचसं सावरतं.

कपडे बॅगेतून न्यायचे तर बॅग स्वतःजवळच हवी, विमानाच्या पोटात नको. कोटाचा एक खांदा उलटा करून दुसरा त्यात बसवायचा आणि मग घडी घालायची. अस्तर बाहेर राहतं, कापड मळत नाही. बूट मात्र पायातच घाला, जागा फार खातात.

मुलाखत दुसऱ्या दिवशी असेल तर मी बॅगेचाच पर्याय घेईन. फक्त प्रवासात टी-शर्टऐवजी कॉलरचा शर्ट आणि बरी पँट. त्याच संध्याकाळी विभागातल्या मंडळींबरोबर जेवण ठरलेलं असू शकतं. उतरल्या उतरल्या व्याख्यान द्यायचं असेल तर निमूटपणे घालूनच निघा. कोट काढून टांगा आणि एक जादा शर्ट जवळ ठेवा. चहा नेमका त्याच दिवशी सांडतो.