कृतामधील लेयर आणि रंगांची मिसळण

केडीई या मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या परिवारातून आलेले कृता (Krita) हे चित्रे काढण्याचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर त्याच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येते, आणि लेयरांचे, म्हणजे चित्राच्या एकावर एक रचलेल्या थरांचे, काम ते फार समजूतदारपणे हाताळते. रेखाटनावर नवा लेयर घेऊन त्याला 'मल्टिप्लाय' मोड दिला, की खालच्या रेषा झाकल्या न जाता सावली गडद होत जाते. 'इनहेरिट अल्फा' चालू केल्यास लेयरांच्या त्याच गटातील खालच्या आकाराबाहेर रंग सांडतही नाही. रंग एकमेकांत ओढून मिसळणाऱ्या 'कलर स्मज' ब्रशने ओल्या रंगाचा भास छान साधतो. मात्र जलरंगांच्या सवयीने निळ्यात पिवळा ओढणाऱ्याने (मीही त्यातलाच) हिरव्याची अपेक्षा ठेवू नये. पडद्यावरच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाच्या गणितात तेथे राखाडी छटा उमटते आणि हिरवा स्वतंत्रपणे निवडून भरावा लागतो.