निकोटिन गम: पैसे वाया जातात ते चावण्याच्या पद्धतीमुळे

‘काही उपयोग नाही, नुसत्या उचक्या लागतात.’ तंबाखू सोडण्यासाठी निकोटिन गम घेतलेल्यांची ही नेहमीची तक्रार. उचक्या लागतात हे खरं, पण दोष बहुतेक वेळा मालाचा नसतो.

यातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या अस्तरातून रक्तात जायला हवं. भराभर चावलं की ते लाळेबरोबर पोटात जातं, जळजळ होते, उचकी लागते आणि यकृत त्यातलं बरंचसं निकामी करून टाकतं. म्हणजे त्रास होतो आणि तलफही जात नाही. सावकाश चावायचं, जीभ चुरचुरली की थांबायचं आणि गम गालात, हिरडीपाशी ठेवून द्यायचं. चुरचुर ओसरली की पुन्हा थोडं चावून दुसऱ्या गालात. असं अर्धा तास. बार भरणाऱ्याला हे वेगळं शिकवायला नको खरं तर, पण गम म्हटलं की जबडा आपोआप चालू होतो.

गम घेण्याआधी १५ मिनिटं आणि ते तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक बंद. तंबाखू चुना लावून मळली की निकोटिन झटकन लागतं. गममध्ये तेच काम करणारा क्षार घातलेला असतो आणि आंबट पेयानं तो निष्प्रभ होतो. चहावर लगेच तंबाखू, अशी सवय असलेल्यांचं गाडं इथेच अडतं.

२ मिलिग्रॅमचं गम चिठ्ठीशिवाय मिळतं, ४ चं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. उठल्यापासून अर्ध्या तासात तंबाखू लागत असेल तर २ चं सहसा अपुरं पडतं. सकाळी उठल्याउठल्या मशेरी लावणाऱ्या बायका यातच मोडतात, पण त्यांना कोणी हे विचारत नाही. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी. दिवसाला दोन-तीन गमांवर भागवलं की तलफ जिंकते. काटकसरीचा मोह बारा आठवडे संपल्यावर करावा.

आता उणी बाजू. बिडी-सिगारेट सोडणाऱ्यांबाबत गमचे पुरावे भक्कम आहेत, चघळणाऱ्यांबाबत तितके नाहीत. आणि महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीनुसार २४.४ टक्के प्रौढ धूररहित तंबाखू वापरतात, ओढणारे जेमतेम ३.८ टक्के. खर्रा-गुटख्यात सुपारीचंही व्यसन असतं, त्यावर हे गम चालत नाही. तोंडात तीन बोटं उभी मावत नसतील तर गम विकत घेण्याआधी दातांच्या डॉक्टरांना तोंड दाखवा. कवळी असेल तर गम तिला चिकटतं, अशांनी त्वचेवर लावायच्या पट्टीबद्दल विचारावं. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी स्वतःच्या मनानं काहीच सुरू करू नये.

सोबतीला समुपदेशन असेल तर गमचा फायदा वाढतो. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर ते फुकट मिळतं.

चावून झालेल्या गममध्येही निकोटिन उरतं. कागदात गुंडाळून, मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागणार नाही अशा ठिकाणी टाका.